जाळीपलीकडची वीस मिनिटं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यवर्ती कारागृहाच्या दाराशी सकाळी गेलं, की भिंतीच्या सावलीत बसलेली माणसं दिसतात. येरवडा असो, नाशिकरोड, हर्सूल, कळंबा किंवा नागपूर. पिशवी मांडीवर धरून बसलेल्या बायका, आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स पुन्हा पुन्हा तपासणारे वयस्कर बाप, शाळा बुडवून आणलेली मुलं. सगळी मुलाकातीला आलेली. कुणी रात्रीची एसटी धरून आलेलं असतं, कुणी दिवसाची मजुरी सोडून. एवढ्या खटाटोपानंतर वाट्याला येतात साधारण वीस मिनिटं.

घरातला माणूस आत गेला की कुटुंब गप्प होतं. शेजारीपाजारी कुजबुजतात, नातेवाईक फोन उचलेनासे होतात, आणि पहिल्या मुलाकातीला काय न्यायचं, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, आत गेल्यावर बोलायचं काय, हे सांगणारं कुणी उरत नाही. हे कुठे नीट लिहिलेलं सापडेल का, एवढंच पाहायला मी या विषयात शिरलो. हाती लागलं ते मात्र मला थक्क करणारं होतं. या वीस मिनिटांसाठी माणसं न्यायालयात लढली आहेत आणि शास्त्रज्ञांनी त्यांचा परिणाम मोजला आहे.

आधी त्या मोजमापाविषयी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागानं २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. आत असताना कुणाला भेटायला माणसं आली, कुणाला आली नाहीत, आणि सुटल्यावर पुढे काय झालं? ज्यांना भेटायला कुणी ना कुणी आलं होतं, त्यांचा पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी निघाला, आणि सुटकेच्या अटी मोडून परत आत जाण्याचा धोका २५ टक्क्यांनी. भेटी जितक्या जास्त आणि सुटकेच्या दिवसाच्या जितक्या जवळ, तितका फरक मोठा. येणाऱ्या माणसांत वैविध्य असलं तर आणखी बरं.

कुणाच्या भेटीनं किती फरक पडतो, हेही त्यांनी तपासलं. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या भावंडांच्या, वडिलांच्या, धर्मोपदेशकांच्या आणि सासरच्या मंडळींच्या भेटी! सासू-सासरे, मेहुणा, दीर यांनी जेलच्या दारात येऊन उभं राहणं म्हणजे काय, हे मराठी घरातल्या माणसाला समजावून सांगायला नको. घटस्फोटित जोडीदाराच्या भेटीनं मात्र धोका वाढलेला दिसला. ज्याला भेटायला माणसं येतात त्याचं घर मुळातच धरून असतं, म्हणून तो सावरतो, अशी शंका इथे घेता येते आणि ती रास्त आहे. गुन्ह्याचा प्रकार, वय, आधीचा इतिहास अशा कितीतरी गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला, एवढं मात्र अभ्यासकांनी दाखवलं. एका खोलीत, शिपायाच्या नजरेखाली झालेलं थोडंसं बोलणं पुढच्या कित्येक वर्षांवर खूण ठेवून जातं, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

आपल्याकडे ही भेट कायद्यात आली १८९४ च्या तुरुंग कायद्यानं. त्याच्या ४० व्या कलमात सांगितलं आहे की दिवाणी कैदी आणि खटला चालू असलेले कैदी यांना ज्यांच्याशी बोलायचं असेल, त्यांना योग्य वेळी, योग्य बंधनं घालून आत येऊ द्यायची सोय करावी. आणि न्यायाच्या हिताला बाध येत नसेल तिथवर वकिलाशी भेट तिसऱ्या माणसाविना व्हावी. हा इंग्रजांचा कायदा. त्याच इंग्रजांनी राजकीय कैद्यांना घरापासून किती लांब नेऊन टाकलं, हे आपल्याला ठाऊक आहे. लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेला होते. त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस समुद्र ओलांडून तिथे जाऊन त्यांना भेटले. सत्यभामाबाई मात्र १९१२ मध्ये इकडे वारल्या. नवरा-बायकोची पुन्हा गाठ पडलीच नाही. अंदमानात विनायक दामोदर सावरकरांना पत्नी यमुनाबाई आणि धाकटे बंधू नारायणराव भेटू शकले ते १९१९ मध्ये, आठ वर्षांनी. बाबाराव सावरकरही त्याच तुरुंगात होते. त्यांच्या पत्नी येसूवहिनी त्या भेटीच्या थोडं आधी गेल्या. गोव्यातल्या त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्यांना पोर्तुगीज सरकारनं १९४६ मध्ये शिक्षा देऊन थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं. गावाकडच्या माणसानं तिथे मुलाकातीला जायचं तरी कसं? माणूस लांब ठेवणं ही शिक्षेच्या आतली आणखी एक शिक्षा असते आणि ती घरच्यांनाही भोगावी लागते. संयुक्त राष्ट्रांनी १७ डिसेंबर २०१५ रोजी नेल्सन मंडेला यांच्या नावानं कैद्यांच्या वागणुकीचे जे नियम स्वीकारले, त्यांत म्हणूनच कैद्याला शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवावं असं स्पष्ट लिहिलं आहे. मंडेलांना रॉबेन बेटावर सुरुवातीला सहा महिन्यांतून एक भेट आणि एक पत्र मिळत असे.

स्वतंत्र भारतात भेटीला हक्काचं रूप आलं ते एका चिठ्ठीमुळे. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेला सुनील बत्रा नावाचा कैदी होता. शेजारच्या एका कैद्याचा वॉर्डरनं अमानुष छळ केल्याचं त्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्रानं कळवलं. छळ कशासाठी, तर त्या कैद्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी. न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. वकीलपत्र नाही, मुद्रांक नाही, तुरुंगातून आलेला कागद तेवढा. १९७९ च्या अखेरीस आलेल्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घरच्यांच्या आणि मित्रांच्या भेटी हा कैद्याचा आधार आहे, झडती आणि शिस्त यांच्या चौकटीत तो त्याला मिळालाच पाहिजे, अशी भूमिका घेतली. ज्या भेटीच्या आडून पैसे उकळले जात होते, त्याच भेटीला संरक्षण मिळालं.

पाठोपाठ, १३ जानेवारी १९८१ रोजी, फ्रान्सिस कोराली मलिन प्रकरणाचा निकाल लागला. तस्करीविरोधी कायद्याखाली तिहारमध्ये स्थानबद्ध केलेल्या या ब्रिटिश बाईला पाच वर्षांची मुलगी होती. मुलीला आणि बहिणीला भेटण्याची परवानगी होती महिन्यातून एकदा. वकिलाला भेटायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी घ्यायची आणि भेटीच्या वेळी कस्टमचा अधिकारी समोर बसणार. न्यायमूर्ती भगवतींनी संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातला जगण्याचा हक्क उलगडून दाखवला. आपल्या माणसांत मिसळणं, त्यांच्याशी बोलणं हा माणूस म्हणून जगण्याचाच भाग आहे. तेव्हा तुरुंगात असलेल्यालाही कुटुंबाला आणि मित्रांना भेटण्याचा हक्क आहे, आणि महिन्याला एक भेट हा नियम अवाजवी आहे. खटला चालू असलेल्या कैद्यांना आठवड्यातून दोन भेटी मिळतात, मग स्थानबद्ध बाईला त्याहून कमी का, असा हिशेब मांडून आठवड्याला किमान दोन भेटी द्याव्यात असं न्यायालयानं सांगितलं. वकिलाच्या भेटीच्या वेळी अधिकाऱ्यानं पाहावं हवं तर, पण बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ बसू नये, हेही त्यातच ठरलं.

खिडकीशी ताटकळणाऱ्या माणसांना कुणीतरी हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. तिथे उभं राहताना खांदे पाडायचं कारण नाही. ती भेट कुणाची मेहेरबानी नाही.

हक्क असला तरी पदरात पडायला तयारी लागते, आणि ती तयारी बरीचशी घरूनच करायची असते. पहिला प्रश्न अगदी साधा: माणूस आहे कुठे? अटकेनंतर पोलीस कोठडी, म्हणजे बोलीभाषेत पीसीआर, असेल तर तो ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो. न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर झाला, की त्याची रवानगी कारागृहात होते. कुठल्या कारागृहात, हे वकील सांगू शकतो. वकील नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक फिरवावा. मोफत वकील मिळण्याची वाटही तिथूनच निघते. आणि एकदा कळलं म्हणून कायमचं कळलं, असंही नाही. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता हजाराच्या आत असताना तिथे कित्येक वर्षं तीन हजारांच्या आसपास माणसं राहत आली आहेत. अशा दाटीत आज इथला कैदी उद्या तळोज्याला हलवला जातो. गावाहून निघण्याआधी तो अजून तिथेच आहे ना, याची खात्री केलेली बरी.

जाता जाता या आर्थर रोडविषयी. त्या रस्त्याचं आजचं नाव साने गुरुजी मार्ग आहे. ‘श्यामची आई’ लिहिली गेली ती १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. मराठीत आईविषयीचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक कोठडीत लिहिणाऱ्या माणसाचं नाव ज्या रस्त्याला आहे, त्याच रस्त्यावर लेकाच्या मुलाकातीसाठी आया रांग लावतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ काही वाचू शकलो नाही.

दुसरी खात्री तारखेची. कैदी त्या दिवशी कोर्टात पेशीला गेला असेल तर दोनशे किलोमीटर येऊनही भेट होत नाही. खटल्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे सोळा अक्षर-अंकांची ओळखखूण, एकदा वहीत लिहून ठेवली की ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. हल्ली पुष्कळदा कैद्याला व्हीसीवर, म्हणजे कारागृहातूनच कॅमेऱ्यासमोर हजर केलं जातं. तरीही तारखेचा दिवस टाळावा.

मग नोंदणी. केंद्र सरकारच्या ई-प्रिझन्स व्यवस्थेत ई-मुलाकात नावाची सोय आहे. तिथे राज्य आणि कारागृह निवडायचं, भेटणाऱ्याचं नाव, पत्ता, नातं आणि ओळखपत्राचा तपशील भरायचा, कैद्याचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव टाकायचं. प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवरची, तेही तिथेच सांगायचं. मोबाईलवर सांकेतिक क्रमांक येतो आणि अर्ज कारागृहाकडे जातो. २०२० मध्ये करोनामुळे प्रत्यक्ष मुलाकाती बंद झाल्या, तेव्हा अनेक घरांनी आपला माणूस पहिल्यांदा असा पडद्यावर पाहिला. वृद्ध आईवडील आणि लांबच्या जिल्ह्यांतली माणसं यांना त्यानं मोठा दिलासा मिळाला. ज्यांच्या घरात स्मार्टफोनच नाही त्यांच्यासाठी खिडकीवरचा कागदी अर्ज आहेच. कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या कैद्याला पक्क्यापेक्षा, म्हणजे शिक्षा लागलेल्यापेक्षा, जास्त वेळा भेटता येतं. वार आणि वेळा प्रत्येक कारागृहाच्या वेगळ्या असतात, म्हणून पहिल्याच खेपेला फलकावरचं वेळापत्रक लिहून घ्यावं. कैद्यानं आत आल्यावर भेटीला येणाऱ्यांची जी नावं दिलेली असतात त्यांत आपलं नाव आहे ना, हे वकिलाकरवी पाहून घ्यावं. चुलत भाऊ, मित्र, शेजारी यांची गाडी इथेच अडते. आधार कार्ड मूळ घ्यावं. त्यावरचं नाव आणि अर्जावरचं नाव सारखं असावं. लग्नानंतर बदललेल्या नावापायी बहिणींना किती मनस्ताप होतो!

पिशवीत काय असावं? जितकं कमी तितकं बरं. घरचं जेवण न्यावंसं प्रत्येक आईला वाटतं. खटला चालू असलेल्या कैद्याला खासगीरीत्या अन्न, कपडे, अंथरूण घेण्याची मुभा १८९४ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमात आहेही, पण डब्यासाठी व्यवहारात बहुधा कोर्टाचा आदेश लागतो. त्याऐवजी पैसे पाठवावेत. मनीऑर्डरीनं आलेली रक्कम कैद्याच्या नावे जमा होते आणि तो कँटीनमधून साबण, तेल, फरसाण, बिस्किटं घेतो. मोबाईल आत नेता येत नाही. तंबाखूची पुडी सदऱ्याच्या खिशात विसरून राहिली तरी प्रकरण अंगाशी येतं. मनाई असलेली वस्तू आत पोचवणं हा ४२ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि मूळ कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणून घरातून निघतानाच सगळे खिसे उलटे करून पाहावेत. झडती होणारच. बायकांची झडती बाईनंच घ्यायची असते. भेटीला आलेल्याची झडती अपमानास्पद असू नये, हे मंडेला नियमांनी सांगितलं आहे.

इतकं झाल्यावर नावाचा पुकारा होतो.

मुलाकातीची खोली मी समजून घेऊ लागलो तसतसं माझं कुतूहल वाढत गेलं. जुन्या तुरुंगांत दोन जाळ्या असतात आणि मधे हातभर मोकळी जागा, म्हणजे इकडून तिकडे काही देता येऊ नये. दोन जाळ्या एकमेकींच्या मागे आल्या की त्यांच्या चौकटी एकमेकींत गुंततात आणि डोळ्यांपुढे सावल्यांचे मोठे पट्टे उभे राहतात. समोरचा चेहरा त्या पट्ट्यांमागे तुकड्यातुकड्यांनी दिसतो. पण मान जराशी हलती ठेवली, की प्रत्येक क्षणी वेगळे तुकडे दिसतात आणि मेंदू ते जोडून आख्खा चेहरा उभा करतो. जाळीशी उभी असलेली माणसं किंचित डुलत का असतात, याचं हे कारण असू शकेल. कुणी न शिकवता त्यांचं शरीर ते शोधून काढतं.

नव्या खोल्यांत जाळीच्या जागी काच आणि इंटरकॉमचा रिसीव्हर आला. चेहरा स्वच्छ दिसू लागला, आवाज मात्र तारेतून येऊ लागला. आणि आवाजाची गोष्ट तर फारच अद्भुत आहे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी जातात. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनं सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या आसपास असतात. म्हणजे बापाच्या आवाजाचा जो खर्ज आपण ओळखतो, तो तारेतून येतच नाही. तरी आपल्याला तो ऐकू येतो, कारण त्या मूळ कंपनाच्या तिपटी-चौपटी-पाचपटीची कंपनं पलीकडे पोचतात, आणि त्यांच्यामधलं अंतर पाहून मेंदू हरवलेला सूर स्वतः तयार करतो. काचेपलीकडचा बाप ‘काय रे, जेवलास का?’ विचारतो तेव्हा त्यातलं अर्धं पोराचं डोकंच रचत असतं.

आणि तो आवाज नुसता ओळखू येऊन थांबत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २०१० मध्ये सात ते बारा वर्षांच्या मुलींवर एक प्रयोग झाला. मुलींना अनोळखी माणसांपुढे भाषण द्यायला आणि गणितं सोडवायला लावली. साहजिकच त्या घाबरल्या. नंतर काहींना आईनं जवळ घेतलं, काहींना आईचा फक्त फोन जोडून दिला, काहींना एक चित्रपट दाखवला. शरीरातली रसायनं तपासल्यावर दिसलं की मायेशी, जवळिकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन फोनवरच्या मुलींतही जवळपास कुशीतल्या मुलींइतकंच वाढलं होतं, आणि ताणाचं कॉर्टिसॉल उतरलं होतं. दोन वर्षांनी त्याच गटानं आईशी लिखित संदेशांतून बोलणाऱ्या मुली तपासल्या, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. शब्द होते, आवाज नव्हता. प्रयोगातल्या मुली थोड्या होत्या आणि प्रश्न फक्त माय-लेकींचा होता, हे लक्षात ठेवूनही मला वाटतं, की हातात रिसीव्हर धरून नुसतं रडत ‘हॅलो, हॅलो’ म्हणणाऱ्या आईची मुलाकात वाया गेली असं म्हणू नये. तिचा आवाज पलीकडे पोचला आहे.

स्पर्शाची उणीव मात्र आवाजानं भरून निघत नाही. २००६ मध्ये जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि आता विजेचा सौम्य झटका बसेल अशी खूण दाखवली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची हालचाल शांत झाली. परक्या माणसाचा हात धरल्यावर ती तितकी शांत झाली नाही. मंडेलांना तर पत्नीला जवळ घेता आलं ते १९८४ मध्ये पोल्समूरच्या तुरुंगात, दोन दशकं उलटल्यावर. महाराष्ट्रातल्या कारागृहांनी गेल्या दशकात ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम चालू केला आहे. ठरावीक दिवशी कैद्यांच्या लहान मुलांना जाळी-काचेविना आत आणतात. बाप मुलाला मांडीवर घेतो, भरवतो, बरोबर बसतो. आपल्या कारागृह खात्याच्या कामांतलं हे मला सर्वांत मोलाचं काम वाटतं. आपल्या कारागृहात गळाभेट कधी आहे, हे मुलाकातीच्या खिडकीवर विचारायला लाजू नये.

आई आत असेल तर सहा वर्षांखालचं मूल तिच्याजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. उपाध्याय प्रकरणात १३ एप्रिल २००६ रोजी हे घालून दिलं, आणि सहा वर्षांनंतर बाहेर संस्थेत ठेवलेल्या मुलाची आईशी आठवड्यातून निदान एकदा भेट व्हावी, असंही सांगितलं. तुरुंगांत काम करणारे कार्यकर्ते सांगतात की बाई आत गेली की तिच्या मुलाकातीला येणारे झपाट्यानं कमी होतात. नवरा आत असताना बायको दर आठवड्याला येते. बायको आत गेली की नवरा येतोच असं नाही. हे वाचताना माझा जीव तुटतो. भायखळ्याच्या स्त्रियांच्या कारागृहात आपली कुणी मावशी, आत्या, वहिनी असेल तर तिला भेटायला जाणं हे मोठंच काम आहे.

मुलांना नेताना आधी खरं सांगावं. बाबा दुबईला गेलेत, असं सांगून काचेसमोर उभं केलेलं मूल दुहेरी घाबरतं. तिथे भिंत असेल, शिपाई असतील, बाबांना हात लावता येणार नाही पण फोनवर बोलता येईल, एवढं वाटेत सांगितलं तरी पुरतं. बोलायला विषय हवा म्हणून शाळेतल्या चित्राची गोष्ट, दात पडल्याची बातमी मुलाच्या मनात आधीच तयार ठेवावी.

मोठ्यांनाही तेच लागू. वीस मिनिटांत सहा जण एकाच वेळी बोलू लागले की कुणाचंच काही होत नाही. कोण आधी बोलणार हे बाहेरच ठरवावं, आणि महत्त्वाचं आधी सांगून टाकावं: वकिलानं काय सांगितलं, जामिनाच्या अर्जाची तारीख कधी, पैसे मिळाले का. प्रकृती विचारावी, औषधं मिळतात का विचारावं. गुन्ह्याच्या तपशिलाची चर्चा तिथे करू नये, कारण आसपास ऐकणारे असतात; ते वकिलाजवळ, खासगीत. उरलेला सगळा वेळ घराला द्यावा. म्हशीला रेडकू झालं, वरच्या आळीतल्या काकूंचं ऑपरेशन झालं, नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. आतला माणूस ज्या दिवसांना मुकला आहे, ते दिवस त्याला अशाच बातम्यांतून कळतात. वाईट बातमी असेल, कुणी गेलं असेल, तर ती लपवू नये आणि शेवटच्या मिनिटालाही ठेवू नये. ऐकल्यावर त्याला थोडा वेळ आपल्यासमोर मिळायला हवा. मुलाकातीनंतर त्याच संध्याकाळी एक पत्र टाकावं. ते कारागृहात वाचलं जाऊन मगच त्याच्या हाती पडतं, पण पुढची मुलाकात येईपर्यंत त्याच्याजवळ राहतं.

देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जणांचा खटला अजून चालूच आहे. त्यांच्या घरच्यांसाठी मुलाकात म्हणजे जामीन होईपर्यंतचा काळ. शिक्षा लागलेल्यांचं तसं नसतं. त्यांना वर्षांच्या हिशेबानं विचार करावा लागतो, आणि काही वाटा वर्षांनीच उघडतात. ठरावीक शिक्षा भोगल्यावर संचित रजेवर, म्हणजे फर्लोवर, किंवा पॅरोलवर काही दिवस घरी येता येतं. आणखी एक वाट सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला जाते.

तिथे १९३९ मध्ये, औंध संस्थानच्या काळात, राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी एक अचाट प्रयोग केला. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे अभियंता त्यात त्यांच्या साथीला होते. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंत नसलेल्या माळरानावर शेती करायला सोडलं. त्या वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. कैद्यांनी तिथे आपल्या बायकामुलांसह राहावं, ही त्या वसाहतीची खासियत. जाळी नाही, काच नाही, वीस मिनिटं नाहीत. संध्याकाळी शेतातून परतल्यावर घरात पोरं असतात. संस्थान गेलं, राज्यं बदलली, वसाहत अजून चालू आहे. पैठण, मोर्शी आणि येरवड्यालाही खुली कारागृहं आहेत. तिथे जाणाऱ्यांची निवड वागणूक आणि भोगलेली शिक्षा पाहून केली जाते. म्हणून ज्यांचा माणूस बरीच वर्षं आत आहे आणि ज्याचं वर्तन चांगलं आहे, त्यांनी पुढच्या मुलाकातीच्या कागदावर हाही प्रश्न लिहून न्यावा: खुल्या कारागृहासाठी तुझं नाव निवड समितीपुढे गेलं का, आणि गेलं नसेल तर अर्ज कुणाकडे द्यायचा?